मागच्या सीटवरची गुलबानो

"म्हैस आडवी आली," असं खाजाभाई मणेर भेटायला येईल त्या माणसाला सांगायचा.

आडवी आली हे अगदीच खोटं नव्हतं. फक्त ती म्हैस बेंबळीच्या बाजारात खुंट्याला बांधलेली होती, सकाळपासून एकाच जागी रवंथ करत उभी होती, आणि कुणाला आडवं जायचं तिच्या मनातही नव्हतं. खाजाभाईची मोटरसायकल सरळ जाऊन तिच्या पोटाला भिडली. म्हशीनं मान वळवून बघितलं, शेपटीनं माशी वारली आणि पुन्हा रवंथ सुरू केला. खाजाभाईचा उजवा पाय मात्र गाडीखाली असा सापडला, की डॉक्टरनं मांडीपासून घोट्यापर्यंत पलस्तर घातलं आणि दोन महिने हलायचं नाही म्हणून दम दिला. गाडीचं हँडल जरा वाकडं झालं होतं, ते बाजारातल्या माणसांनी चाक दोन्ही पायांत धरून सरळ करून दिलं.

"एवढी मोठी म्हैस दिसली न्हाय?" गुलबानोनं विचारलं.

"मला काय इचारतीस? तिला इचार, तिला गाडी दिसली न्हाय का."

"व्हय व्हय. चष्मा तिलाच लावायला पायजे. उद्या दावाखान्यात घेऊन जाते तिला."

खाजाभाईनं भिंतीकडं तोंड केलं. पलस्तराच्या पायामुळं सगळं अंग फिरवता येईना, म्हणून नुसती मान फिरवली.

तांबडवाडीत मणेराचं हे एकच घर. धंदा बांगड्यांचा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर लग्न असलं, सण असला की काचेच्या बांगड्यांच्या माळा फडक्यात बांधायच्या, त्याचं गठुडं करायचं आणि निघायचं. खाजाभाई पुढं गाडीवर, गुलबानो मागं, गठुडं तिच्या मांडीवर. लग्न झाल्यापासूनचा हा शिरस्ता. गावात पोचलं की खाजाभाई पारावर बसून चहा पिणार, आणि गुलबानो घराघरांत जाऊन बायकांचे हात हातात घेणार, दाबणार, चोळणार, बांगड्या चढवणार. संध्याकाळी लोक म्हणायचे, खाजाभाईचा धंदा बरा चाललाय. खाजाभाई पण म्हणायचा, चाललंय बरं.

आता खाजाभाई बाजेवर, गाडी दारात, आणि लग्नसराई डोक्यावर. चैत्र संपत आलेला. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. वाडीत एसटी येते, पण ती ड्रायव्हरच्या मर्जीनं, आणि ती जाते बेंबळीकडं. गुलबानोची गिऱ्हाइकं नेमकी उलट्या दिशेला, नाल्याच्या पल्याड.

पुतण्या अक्रम म्हणाला, "चाची, मी हाय की. काळजी कशाला?" त्याच्या गाडीवर ती एकदा बसली. अक्रम गाडी चालवताना एका हातानं फोनवर बोलतो, दुसऱ्या हातानं केस सारखे करतो, आणि उरलेल्या हातानं गाडी चालवतो. वस्तीवर पोचून गुलबानोनं गठुडं सोडलं तर आत माळा कमी आणि चुरा जास्त. दुसऱ्या दिवशी अक्रमच म्हणाला, "चाची, माझी गाडी असल्या नाजूक मालाची न्हाय." त्याच्या गाडीला दगड चालले असते.

अशात करंजवाडीच्या आण्णासाहेबांचा फोन आला. करंजवाडीतलं मोठं घर ते. नातीचं, राजनंदिनीचं लग्न ठरलेलं. त्या घरातल्या लेकीसुनांचे चुडे गुलबानोच्या सासूनं भरले, सासूच्या सासूनं भरले. त्या घराचा मान म्हणजे अख्ख्या करंजवाडीचा मान. तिथं ज्याचा हात लागला, त्याच्याकडं बाकी गाव आपोआप हात पुढं करतं.

"खाजाभाई, पायाचं ऐकलं," आण्णासाहेब म्हणाले. "तुमी आराम करा. आमचा राग न्हाय. उमरग्याचा शरणबसप्पा म्हणून एक यापारी हाय, तेच्याकडं टेम्पो हाय, पेटीत तयार सेट असत्यात. त्येलाच सांगतो."

फोन स्पीकरवर होता. गुलबानोच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. ती बाजेजवळ आली आणि खाजाभाईच्या हातातल्या फोनात म्हणाली, "आण्णा, कुणाला सांगू नगा. हळदीच्या दिशी सकाळी दहाच्या आत म्या येते."

"कशी येणार?"

"येते."

"दहाच्या पुढं झालं तर मग मला बोल लावायचा न्हाय बरं का. घरात पाव्हणे असतेत."

फोन ठेवल्यावर खाजाभाई म्हणाला, "कशी जाणार? उडून?"

"दारात उभी हाय ती काय खेळणं हाय व्हय?" गुलबानोनं गाडीकडं बोट दाखवलं. "मी शिकते."

खाजाभाई एवढा हसला की पलस्तरात कळ आली. मग कळ आली म्हणून ओरडला. मग ओरडणं थांबलं तेव्हा म्हणाला, "शिकवायला उस्ताद लागतो."

"तुमी हाव की."

उस्ताद म्हटल्यावर माणूस फुलला. दुसऱ्या दिवशी सकाळीच हुकूम सुटला, की शिकवणी गावाबाहेर ईदगाहच्या मैदानात होणार, आणि उस्ताद जातीनं हजर राहणार. मैदान वर्षातनं दोनदा भरतं, एरवी मोकळं. आता उस्तादाला न्यायचं कसं? तर चौघांनी बाज खांद्यावर घेतली. पुढं चौघं, मागं गाडी ढकलत गुलबानो, तिच्या मागं शेजारची धुरपदाबाई, आणि बाजेवर पांढरी चादर पांघरून खाजाभाई आडवा. चौकात दोन म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून हात जोडले. बोअरवर पाणी भरणाऱ्या एका बाईनं घागर खाली ठेवून हंबरडाच फोडला, "गेला का गं बया खाजाभाई! परवाच बोलला की गं माझ्यासंगं!"

"जित्ता हाय की!" खाजाभाई चादर झटकून उठून बसला. त्या बाईनं दुसरा हंबरडा फोडला, तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

एवढी जाहिरात झाल्यावर मैदानात माणसं जमली नसती तरच नवल. शेतात कामाला माणूस मिळत नाही म्हणतात, पण बाई गाडी शिकते म्हटल्यावर पन्नास माणूस लिंबाखाली रिकामं होतं. ज्यानं जन्मात सायकल चालवली नाही, तो पण सल्ला देत होता.

गुलबानोनं साडीखाली खाजाभाईचा पायजमा घातला होता. "तुमाला सध्या कुठं लागतोय," असं सांगून घेतलेला. साडी वर खोचून ती गाडीवर बसली तेव्हा लिंबाखाली खाकरण्याचा मोठा आवाज झाला. धुरपदाबाईनं वळून बघितलं. सत्तरीची बाई, नवरा कधीचा गेलेला, जीभ मात्र ताजी. "घशात काय आडकलंय का रे?" ती म्हणाली. "या इकडं, पाठीत गुद्दा घालते, निघंल." खाकरणं थांबलं.

"किक मार!" बाजेवरून उस्ताद ओरडला. "क्लच दाब! गेर टाक! आता क्लच सोड! रेस दे! हळू! अगं हळू! जोरात दे की! हळू म्हणालो की!"

एका दमात एवढे हुकूम ऐकल्यावर कुणाचंही जे होईल ते झालं. गुलबानोनं क्लच सोडला. गाडीनं उडी मारली. मैदान एवढं मोठं, चारी दिशा मोकळ्या, पण गाडीनं नेमकी बाजेची दिशा धरली. लिंबाखालची माणसं अशी पांगली की चपला तिथंच राहिल्या. ज्यांनी खांद्यावर बाज आणली होती ते चौघं सगळ्यात पुढं पळाले. उस्ताद एकटा उरला, पलस्तरासकट.

"या अल्ला! बानो! ब्रेक! ब्रेक!"

बाजेच्या खुराला चाक टेकलं आणि गाडी बंद पडली. गुलबानो एका अंगाला, गाडी दुसऱ्या अंगाला. कोपर सोलपटलं. मनगटातल्या बांगड्या फुटून मातीत पडल्या.

"फुटल्या का गं सगळ्या?" एक जण लांबनं ओरडला.

"फुटल्या म्हणू नै मेल्या, वाढवल्या म्हणावं!" धुरपदाबाई खेकसली.

पळालेली माणसं एकमेकाला दोष देत परत आली. बाज टाकून सगळ्यात आधी पळालेल्याला दुसरा म्हणाला, "बांगड्या भर की लेका हातात! बाईच्या गाडीला भेतोस!"

गुलबानो माती झटकत उठली. हात चरचरत होता, डोळ्यांत पाणी होतं, पण धंदा तो धंदा. "कुणाला भरायच्या हायत? हात हिकडं करा," ती म्हणाली. "तुमच्या मापाच्या पण असत्यात माझ्याकडं."

त्या माणसानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

हसायला हसली लोकं, पण निकाल लागून गेला होता. खाजाभाईनं बाजेवरून जाहीर केलं, की हे बाईमाणसाचं काम नव्हं, त्याला छाती लागते. छाती म्हणजे काय हे मघाशी लिंबाखाली सगळ्यांनी बघितलंच होतं, पण बोललं कुणी नाही. बाज परत खांद्यावर गेली. गुलबानो मागनं गाडी ढकलत घरी आली, भिंतीला टेकवली आणि चुलीपुढं बसून रडली. कोपराला लागलं म्हणून नाही. खरंच वाटलं तिला, की आपल्याला नाही जमणार. करंजवाडीचा मान आता गेला, आणि आपल्यामुळं गेला.

धुरपदाबाई भाकरीचं टोपलं घेऊन आली. "काय गं, कशापायी रडायलीस?"

"मावशी, म्या गाडीला भेते. खरं सांगते. किक मारली की पोटात गोळा येतोय."

"येऊ दे की. पोरं झाली तवा काय हासत हुतीस का?" धुरपदाबाई शेजारी बसली. "मला एक सांग. खाजाला कधीपासनं नीट दिसत न्हाय?"

गुलबानोनं बाजेकडं बघितलं. खाजाभाई घोरत होता. "दोन वर्सं झाली. मोतीबिंदू हाय. दावाखान्यात चला म्हणलं की म्हणतोय माझी नजर घारीची हाय."

"मग दोन वर्सं ही घार गाडी कशी चालवत हुती?"

गुलबानोनं भाकरीचा तुकडा मोडला. कशी म्हणजे काय. ती मागनं कानात सांगायची. डावीकडं खड्डा. पुढं शेळ्या. आता वळण, हळू घ्या. ट्रक आलाय, खाली उतरवा. ब्रेक दाबा. आता जाऊ द्या. खाजाभाई नुसता ऐकायचा आणि हात हलवायचा. म्हशीच्या दिवशी तिला ताप होता, म्हणून तो एकटाच गेला होता.

"दोन वर्सं तू मागं बसून गाडी चालवायलीस बये," धुरपदाबाई म्हणाली. "आता निस्ती पुढं सरक."

असं कुणी आजपर्यंत तिला बोललं नव्हतं. ती भाकरी खात राहिली, पण घास कुठं जातोय तिकडं ध्यान नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं उस्तादाला घरीच झोपू दिलं. पहाट फुटायच्या वेळी ती आणि धुरपदाबाई गाडी ढकलत मैदानात जायच्या. प्रेक्षक झोपेत असायचे. गुलबानोनं आपली परीक्षा आपणच काढली. जुन्या फॅशनच्या, कुणी घेत नाही अशा बांगड्यांच्या माळा गठुड्यात बांधायच्या, गठुडं मागच्या सीटवर आवळायचं आणि मैदानाला फेऱ्या मारायच्या. मग गठुडं सोडून बघायचं. पहिल्या दिवशी आतनं वाळू निघावी तसा चुरा निघाला. नंतर निम्म्याशिम्म्या शाबूत राहायला लागल्या. दगडावरनं चाक गेलं की ती मान न वळवता सांगायची, "मावशी, आतल्या माळंतली एक गेली." धुरपदाबाई सोडून बघायची, तर खरंच गेलेली. गाडी पडायची, ती पण पडायची, शिव्या द्यायची, उठायची. शिव्या कुणाला द्यायची ते सांगत नाही, पण तो घरी बाजेवर घोरत असायचा.

आणि एका सकाळी गठुडं सोडलं तर एकही बांगडी वाढवली नव्हती. गुलबानो मैदानात खाली बसली आणि हसत सुटली. धुरपदाबाई म्हणाली, "आता मला बसव मागं." तिला बसवून गुलबानोनं फेरी मारली. म्हातारी सगळी फेरीभर आपल्या नवऱ्याला शिव्या घालत होती, की मेल्यानं जन्मभर बैलगाडीत बसवलं.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि अवकाळीनं तासभर झोडपलं. सकाळी ऊन स्वच्छ, पण रस्त्याची रबडी झालेली. आमच्याकडची काळी माती कोरडी असली की दगड, ओली झाली की पाय धरून बसणारी. चपलेला धरते तशी चाकाला धरते, मडगार्डात गच्च भरते, आणि गाडी जाग्यावर रुसते.

गुलबानो हिरवा चुडा, सोनेरी काठाचा माल, लहान मापाचा, मोठ्या मापाचा, सगळं गठुड्यात बांधून तयार झाली, तर खाजाभाई काठीवर उभा. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"तुमी कुठं?"

"तुझ्यासंगं. आण्णासाहेबांच्या दारात तू एकटी गाडी घेऊन गेलीस तर माझी काय इज्जत? गाडीवर गडीमाणूस दिसायला पायजे."

"पाय वाकत न्हाय तुमचा."

"आडवा बसतो."

आणि गडीमाणूस आडवा बसला. दोन्ही पाय एका अंगाला, नव्या नवरीसारखा. पलस्तराचा पाय रस्त्यात असा बाहेर आलेला, की समोरनं सायकल आली तरी ती रानात उतरावी लागली. मांडीवर गठुडं. तोंड मात्र मोकळं.

"हळू. डावीकडं घे. अगं उजवीकडं. हॉर्न मार."

"कुणाला मारू? रस्त्यात चिटपाखरू न्हाय."

"तरी मारावा. ब्रेकवर पाय ठिव. कशाला ठिवलास?"

नाल्यावरचा फरशीपूल आला. फरशीवर घोटाभर पाणी, पलीकडच्या चढाला नुसता चिखल. गुलबानोनं गाडी पहिल्या गेरला टाकली. मनात हिशेब बसला होता, डाव्या अंगाला दगड आहेत, त्या अंगानं न थांबता काढायची. चाक पाण्यात शिरलं, पलीकडं निघालं, चढाला लागलं.

"थांब!" खाजाभाई कानात ओरडला. "ब्रेक दाब! घसरंल!"

आणि इतक्या वर्षांची सवय. त्यानं थांब म्हटलं की तिचं अंग थांबायचं. तिनं ब्रेक दाबला. गाडी बंद पडली, मागं सरकली, कलली. तिनं पाय रोवून गाडी धरली, पण मागचा गडीमाणूस घसरत जाऊन चिखलात बसला. एवढं मात्र खरं, गठुडं त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं. काहीतरी तरी त्याला येत होतं.

गुलबानोला राग आला. त्याचा राग नाही म्हणायचं, तर स्वतःचाच. येत होतं, नीट येत होतं, आणि याच्या एका ओरडण्यावर हात ढिले पडले. ऊन चढत होतं. दहा वाजायला असा कितीसा वेळ होता.

तिनं गाडी स्टँडवर लावली. गठुडं घेतलं. खाजाभाईला बसायला घातलेली गोधडी सारखी करून ते मागच्या सीटवर दोरीनं आवळलं. वाळली काडी घेऊन मडगार्डातला चिखल उकरून काढला. हे काम तर पहिल्यापासून तिचंच. खाजाभाई पावसाळ्यात वर बसून रेस द्यायचा आणि ही खाली वाकून चिखल काढायची.

"मला उठीव की," तो म्हणाला.

तिनं उठवलं, बाभळीखाली दगडावर बसवलं, काठी हातात दिली, पाण्याची बाटली शेजारी ठेवली.

"हे काय करायलीस?"

"तुमी उतरलाव हाव. आता उतरूनच ऱ्हावा. येताना घेते."

"बानो! गाडीवर गडीमाणूस नसला तर..."

"तर बांगड्या ऱ्हातील," गुलबानो म्हणाली आणि किक मारली.

भीती वाटत होती. लई वाटत होती. चढाच्या तोंडाशी तिनं डाव्या अंगाचे दगड हेरले. पण कानात कुणी बोलत नव्हतं. चाक चिखलात फिरलं, गाडी नाचली, तिनं रेस सोडली नाही, आणि गाडी चढ चढून वर आली. वर मुरमाचा रस्ता लागला, वारं तोंडावर आलं. ती मोठ्यानं ओरडली. काय ओरडली ते तिलाही सांगता यायचं नाही. दोन्ही बाजूंच्या रानात ऐकायला एक बगळा होता, तो उडून गेला.

करंजवाडीत आण्णासाहेब ओसरीवर फोन कानाला लावून उभे होते. "व्हय शरणबसप्पा, काय आली न्हाय ती. टेम्पो काढा तुमी." आणि दारात गाडीचा आवाज झाला. चिखलानं काळी झालेली साडी, खाली पायजमा, आणि मागच्या सीटवर गठुडं. आण्णासाहेबांनी घड्याळ बघितलं, तिला बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं. "थांबा शरणबसप्पा," ते म्हणाले, "फोन करतो मागनं."

"आले आण्णा," गुलबानो म्हणाली आणि हातपाय धुवून माजघरात गेली.

आत राजनंदिनी पाटावर बसली. गुलबानोनं तिचा हात हातात घेतला, पंजा दाबून मऊ केला आणि हिरव्या बांगड्या चढवल्या. एकही वाढवली नाही. मग तिची आई सत्यभामा, काकू, आत्या, शेजारणी. चुडा भरून झाल्यावर रीतीप्रमाणं नवरीनं वाकून मणेरणीला नमस्कार केला. गुलबानोनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला भरून आलं. घर राहिलं होतं. सासूचा मान तिच्या हातनं गेला नव्हता.

बाहेर ओसरीवर मात्र पुरुषमंडळींची निराळीच पंचाईत चाललेली. बाई आली, माल आला, गाडी दारात आहे. मग ड्रायव्हर कुठं आहे? अंगणात बघितलं, गोठ्यात बघितलं, एक जण तर संडासाचं दार वाजवून आला. गुलबानोनं आतनं दोनदा सांगितलं, "म्याच आणली." पाव्हणे हसले. बाई गमतीची आहे म्हणाले. आण्णासाहेबांनी जीप धाडली, की असंल कुठं लाजून बसलेला, चहापाण्याला आणा त्याला.

आणि सापडला की! बाभळीखाली बसलेला खाजाभाई जीपमधनं आला. पायाला पलस्तर, कमरेपर्यंत चिखल. त्याला बघून ओसरी उठून उभी राहिली.

"शाबास खाजाभाई!" आण्णासाहेब गहिवरले. "मोडक्या पायानं गाडी हाणली तुमी! आमच्या घराच्या मानासाठी!"

"म्हणजे त्याचं काय झालं आण्णा," खाजाभाई म्हणाला, आणि पुढं काहीच म्हणाला नाही. लोकांनी त्याला खुर्ची दिली. खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी चढवली, हातात नारळ दिला. एक पाव्हणा म्हणाला, "डाव्या पायानं ब्रेक, डाव्या पायानंच गेर, काय सोपं हाय का?" खाजाभाईनं मान हलवली. सोपं नाही हे त्याला पण पटलेलं दिसलं.

गुलबानो माजघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिला वाईट वाटलं. लोक मानत नाहीत त्याचं एवढं नाही, ते कधी मानत होते? पण त्याला माहीत होतं. चिखलात बसलेला तो, आणि टोपी घालून खुर्चीवर बसलेला पण तोच. तिनं माळा गोळा केल्या, गठुडं बांधलं.

जेवणं झाली. निघायची वेळ झाली तसं सगळं घर निरोपाला अंगणात आलं. बायका दारात, बाप्ये गाडीभोवती. जीपवाला सोडायला तयार होता, पण आण्णासाहेबांनाच हौस, की आम्हाला बघू दे मोडक्या पायाची ड्रायव्हरी.

"हां खाजाभाई, होऊन जाऊ द्या! मारा किक!"

खाजाभाई काठी टेकत गाडीपाशी आला. किक उजव्या अंगाला. उजवा पाय पलस्तरात. त्यानं किककडं बघितलं, पायाकडं बघितलं, मग गुलबानोकडं बघितलं. गुलबानो गठुड्याची गाठ बघत होती. गाठ चांगली घट्ट होती, तरी बघत होती.

"बानो," तो हळू आवाजात म्हणाला.

"काय?"

"मार की."

"काय मारू?"

"किक."

"म्या?" गुलबानो सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "म्या कशी मारू? मला कुठं येती गाडी?"

खाजाभाईच्या कपाळावर घाम आला, टोपी कपाळावर सरकली. तो तसाच उभा राहिला. नंतर त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तोंड पुसलं.

"आण्णा," तो म्हणाला, "गाडी हिनंच आणली. मला नाल्यात उतरवून एकटी आली. म्या निस्ता मागं बसलो हुतो. आन बसता बी आलं न्हाय, पडलो."

बाप्यांनी एकमेकांकडं बघितलं. आण्णासाहेबांनी घसा साफ केला, आणि शेवटी त्यांना मार्ग सापडला. "पण शिकवलं तुमी चांगलं हां खाजाभाई," ते म्हणाले. "शिकवणाराचंच खरं कौतुक." सगळ्या बाप्यांना हायसं वाटलं. "तर काय, तर काय," म्हणत दोघांनी खाजाभाईच्या पाठीवर थाप मारली.

गुलबानो गाडीवर बसली. खाजाभाई मागं आडवा बसला, नारळ मांडीवर घेऊन. गठुडं ठेवायला जागा उरली नाही, ते त्याच्या गळ्यात अडकवावं लागलं.

दारातनं सत्यभामा पुढं आली. तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिनं गठुड्यात कोंबलेला माल बघितला, गडीमाणसाचा बाहेर आलेला पाय बघितला.

"गुलबानो," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "धाकट्या जावंचं डोहाळजेवण हाय पुढच्या महिन्यात. तूच ये. पण एकटी ये बाई. मागची जागा मोकळी ऱ्हाती, तेवढ्या चार माळा जास्ती येतील."

"येते वैनी," गुलबानो म्हणाली आणि किक मारली.